वैद्याचा अधिकार आणि गर्भिणीचा प्रश्न

वैद्याच्या ठायी नारायण पाहण्याचा जो संस्कार आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याची खरी परीक्षा पडशात किंवा हिवतापात होत नाही. ती होते जोखमीच्या गर्भारपणात, कारण तेथे दोन जीवांचा भार एकाच देहावर असतो आणि त्या देहाविषयीचे बहुतेक निर्णय तिसऱ्याच माणसाच्या मुखातून बाहेर पडतात. जिची वार खाली सरकली आहे, जिचे बीपी चढले आहे, किंवा जिचे आधीचे मूल पोटातच गेले आहे, अशा स्त्रीला डॉक्टर तुसडा निघाला म्हणून तडकाफडकी उठून जाण्याची मुभा नसते. ‘डॉक्टर तुम्ही की मी?’ हा सवाल ज्या खोलीत एकदा ऐकावा लागला, तेथे पुढच्या खेपेस आपले दुखणे सांगताना तिची जीभ अडखळते. आणि विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 वर गेला असता न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे येणारी अंधारी, बरगडीखालची उजवीकडची कळ ही तर तत्काळ सांगण्याचीच लक्षणे होत. वैद्याचा तुसडेपणा अशा वेळी शिष्टाचाराची बाब राहत नाही, तो निदानाच्या आड येतो. मग श्रद्धा ठेवणे म्हणजे मुकाट राहणे काय, हा प्रश्न धर्मदृष्ट्याही टाळता येत नाही.

ज्ञानी पुरुषाकडे कसे जावे हे सांगताना गीतेच्या चौथ्या अध्यायाने नम्रता, प्रश्न आणि सेवा ही तिन्ही एकत्रच सांगितली आहेत. शरणागतीचे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी त्यांतील मधली गोष्ट सोयीस्करपणे गाळली. अठराव्या अध्यायात तर सारे गुह्य सांगून झाल्यावर प्रत्यक्ष भगवंत अर्जुनाला पूर्ण विचार करून मग हवे तसे वागण्यास सांगतो. त्यानंतरच शरण येण्याचा उपदेश येतो, हे मी विसरलो नाही. परंतु विचाराची मोकळीक आधी आणि शरणागती नंतर, हा क्रमही विसरण्याजोगा नाही. (आपल्याकडील काही नामांकित तज्ज्ञांना भगवंताहून अधिक अधिकार प्राप्त झाला असावा, असे त्यांच्या दवाखान्यातील शांतता पाहून वाटते खरे.)

वैद्यकाचा आपला प्राचीन ग्रंथही रोग्याला मुका समजत नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद मानले, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. आणि रोग्याच्या गुणांत आज्ञापालनाबरोबरच स्मरण, निर्भयता आणि आपली व्यथा नीट सांगता येणे यांचाही समावेश केला. आज्ञापालनाचा हवाला देणाऱ्याने उरलेल्या तिन्ही गुणांना वाव देणे ओघानेच आले, कारण जो वैद्य भय उत्पन्न करतो तो रोग्याचा एक गुण स्वहस्तेच नष्ट करतो. गर्भिणीविषयी तर त्याच ग्रंथात असे सांगितले आहे की, तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे तसे तिला जपावे. ते पात्र वाहण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर टाकलेली आहे. तेल सांडले तर दोष पात्राचा ठरत नाही.

याउलट, गर्भिणीचे भय म्हणजेच सत्य, असेही मी म्हणणार नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थी ज्यात बाळंतपणे करीत त्या पहिल्या विभागात आपल्याला घालू नये म्हणून बायका अक्षरशः गुडघे टेकून विनवण्या करीत. त्यांचे भय यथार्थ होते, तेथे सूतिकाज्वराने मरणाऱ्यांचे प्रमाण सुइणींच्या विभागाहून कितीतरी अधिक होते. मात्र त्याचे कारण त्यांना सांगता येत नव्हते. 1847 साली सेमेलवाइस या डॉक्टरने ते शोधले: शवविच्छेदन करून आलेले हात. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच शेकडा 18 पर्यंत गेलेले मृत्यू काही महिन्यांतच 2 च्या आसपास आले. भयाने जागा दाखवली, कारण विद्येने दाखवले. म्हणून डॉक्टरवरचा राग औषधावर काढणे मला सर्वथा अमान्य आहे. आनंदीबाई जोशी यांनी आपले दहा दिवसांचे मूल गमावले, पण त्या वैद्यकापासून दूर पळाल्या नाहीत. त्याच विद्येसाठी अमेरिकेस गेल्या आणि 1886 साली पदवी घेताना प्रबंधही लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर.

आज कायद्यानेही गर्भिणीचा प्रश्न विचारण्याचा आणि माहिती मिळवण्याचा अधिकार मान्य केला आहे. पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ठरवले. आणि वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांत त्याचे दस्तऐवज द्यावे लागतात. तेव्हा ज्या बाईंना आपल्या डॉक्टरसमोर बोलण्याची धास्ती वाटते, त्यांनी प्रश्न कागदावर उतरवून न्यावेत, बरोबर सासू, आई किंवा नवरा यांपैकी न घाबरणारे माणूस घ्यावे, आणि तरीही खुलासा न मिळाल्यास बिनदिक्कत दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा; यात गुरुद्रोह मुळीच नाही. फक्त दुसरीकडची भेट पक्की झाल्यावाचून पहिली जागा सोडू नये, केसपेपर आणि सोनोग्राफीचे अहवाल बरोबर घ्यावेत, आणि रक्तदाबाची गोळी मधल्या काळात एकदाही चुकवू नये.