उचल

मराठीत 'उचल' हा मोठा सोयीचा शब्द आहे. नोकराने मालकाकडून पगाराआधी पैसे घेतले तर ती उचल. खातेदाराने बँकेतून घेतले तरी ती उचलच. आणि शेजाऱ्याने आपल्या अंगणातली बादली न विचारता नेली, तरी 'उचलली' असंच आपण म्हणतो. क्रियापद एकच. पहिल्या दोन प्रकारांत कागद होतो आणि तिसऱ्यात भांडण होतं, एवढाच फरक. बी. कॉम. होऊन मी वीस वर्षं कर्जखात्याच्या टेबलावर बसलो आहे. त्यामुळे माणसं उचल कशी करतात यापेक्षा, ती केल्यावर काय बोलतात, याचा माझा अभ्यास बऱ्यापैकी झाला आहे.

पण या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न मला पडला तो दिल्लीच्या लाल किल्ल्यात, डिसेंबरातल्या एका सकाळी, मान वर करून उभा असताना.

बँकेची एलटीसी मंजूर झाली की कारकुनाला एकदम इतिहासाची ओढ लागते. आम्हालाही लागली. आम्ही म्हणजे मी, आमची ही, आमचे रोखपाल सपत्नीक, आणि शेजारचे निवृत्त इतिहासाचे मास्तर. पुण्यात थंडी पडते. दिल्लीत ती राहायला येते. माकडटोप्या, मफलर आणि डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर घालून आम्ही पाच जण लाल किल्ल्यासमोर उभे राहिलो, तेव्हा धुकं इतकं होतं की रोखपालांनी "किल्ला कुठाय?" असं विचारलं. किल्ला समोर होता. ऊन वर आलं तसा तो हप्त्याहप्त्याने दिसू लागला.

लाहोरी दरवाजा, छत्ता चौकातली दुकानं, नौबतखाना, दीवान-ए-आम असं करत आम्ही दीवान-ए-खासपाशी आलो. शाहजहानने १६३९ साली या किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ साली तो राहायला आला. ज्यांनी सहकारी सोसायटीत फ्लॅट बुक केला आहे, त्यांनी हा नऊ वर्षांचा हिशेब जरूर ध्यानात ठेवावा. संगमरवरी खांब, त्यांवर जडावाची फुलं, या जागेलाच स्वर्ग ठरवणारा फारसी शेर. सगळं आहे. नाही ते फक्त मयूरासन. "वह तो नादिरशाह ले गया, सन सतरह सौ उनतालीस में," गाइड म्हणाला. आम्ही सर्वांनी मिळून हळहळ व्यक्त केली. रोखपालांनी तर "हलकट!" म्हणून हातातली भुईमुगाची शेंग अशी फोडली की जणू नादिरशहाच चिमटीत सापडला आहे.

"और यह जो छत है," गाइड पुढे म्हणाला, "यह पहले चाँदी की थी. सन सतरह सौ साठ में मराठे आए, उन्होंने उतार ली. आप लोग कहाँ से हैं?"

"बंबई की तरफ से," रोखपाल घाईघाईने म्हणाले. हा माणूस शनिवार पेठेत जन्मला, वाढला आणि तिथेच रिटायर होणार आहे!

छताकडे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आता ते लाकडाचं, रंगवलेलं आहे. लाकडाचं आहे म्हणूनच टिकलं असावं.

मास्तरांना मात्र स्फुरण चढलं. "नादिरशहाने लुटलं. भाऊंनी उतरवलं," ते म्हणाले. "फरक आहे!" सदाशिवरावभाऊंचा नाइलाज त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मांडला. उत्तरेतला वसूल येत नव्हता. हजारोंची फौज, आणि तिच्यामागे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. फौजेचा पगार थकलेला, समोर अब्दाली. भाऊंनी चांदी काढून वितळवली आणि तिचे सुमारे नऊ लाख रुपये पाडले, असा आकडा सांगितला जातो. पुढे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं, ते शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. "स्वतःच्या खिशात दमडी घातली नाही त्या माणसाने," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जड झाला. माझाही घसा दाटला. पानिपतच्या बाबतीत आमचं सगळ्यांचं असंच होतं.

पण घसा मोकळा झाल्यावर माझ्यातला कर्जखात्याचा कारकून जागा झाला. आमच्या अर्जात 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. वीस वर्षांत त्या रकान्यात 'चैन' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. मुलीचं लग्न, घराची दुरुस्ती, आजारपण. प्रत्येक अर्ज वाचून डोळ्यांत पाणी यावं. प्रयोजनच बघायचं तर नादिरशहाचंही वाईट नव्हतं. दिल्लीच्या लुटीनंतर त्याने इराणच्या रयतेला तीन वर्षं करमाफी दिली. आता सांगा, याला लूट म्हणायचं की लोककल्याण? इराणातल्या एखाद्या मास्तरांना विचारलं तर ते म्हणतील, "आमच्या शहाने उतरवलं." इंग्रज तर आमच्यासारखेच कागदोपत्री पक्के. १८५७ साली दिल्ली घेतल्यावर त्यांनी लूट गोळा करायला आणि तिचा हिशेब ठेवायला 'प्राइझ एजंट' म्हणून रीतसर अधिकारीच नेमले. मग याच किल्ल्यातले कितीतरी महाल पाडून तिथे बराकी बांधल्या. त्यांचंही प्रयोजन होतं: बंदोबस्त.

मास्तरांनी तेवढ्यात हुकमाचं पान टाकलं. "अहो, ही चांदी शाहजहानची तरी कुठली? रयतेचीच ना? १६३० ते ३२ चा दख्खनचा दुष्काळ आठवा. खानदेशात, गुजरातेत माणसं मरत होती, आणि हा बुऱ्हाणपुरात तळ देऊन निजामशाही गिळायला बसला होता. आमच्याच घामाची ठेव होती ती. भाऊंनी व्याजासकट काढून घेतली, बस्स!"

हिशेब मला पसंत पडला. ठेव आपली, मग उचल कसली? पण आमची ही थंडीने शाल घट्ट करत म्हणाली, "मग गुरुजी, भाऊसाहेबांनी ती खानदेशात नेऊन वाटली का हो?"

मास्तर काही बोलले नाहीत. चांदी खानदेशात गेली नव्हती. फौजेच्या खर्चात गेली होती. शाहजहानने ज्याच्याकडून घेतली त्याला ती परत मिळाली नाही, नादिरशहाने करमाफी दिली ती दुसऱ्याच रयतेला, आणि भाऊंची नड भागली ती फार तर थोड्या दिवसांपुरती. उचल करणारे बदलत गेले. मूळ ठेवीदार मात्र तोच, आणि त्याच्या पासबुकात शेवटपर्यंत एकही जमा नोंद नाही.

म्हणून मी भाऊसाहेबांना दोष द्यायला बसलो आहे, असं कृपा करून समजू नका. उपाशी फौज घेऊन परमुलखात उभ्या असलेल्या माणसाला, पंख्याखाली बसून पगार घेणाऱ्या मी काय शिकवावं? त्यांच्या जागी आमचा ब्रँच मॅनेजर असता, तर त्याने खांबसुद्धा सोडले नसते. माझं म्हणणं इतकंच की, निकड हे कारण आहे. ती पावती नव्हे. नड का पडली हे ती सांगते, पण देणं फिटलं असं काही सांगत नाही. आपण मात्र आपली निकड दाखवून मोकळे होतो आणि दुसऱ्याची निकड ऐकूनसुद्धा घेत नाही. आपल्या वहीत 'उतरवलं', दुसऱ्याच्या वहीत 'लुटलं'. बँकेत अशा दोन वह्या ठेवणाऱ्याला ऑडिटर घरी पाठवतो. इतिहासात त्यालाच अभिमान म्हणतात.

आणि हे फक्त राजेरजवाड्यांचं आहे असंही नाही. त्याच रात्री सामान बांधताना हॉटेलचे दोन टॉवेल रोखपालांच्या बॅगेत शिरताना मी पाहिले. "भाड्यात धरलेलंच असतं हो," ते म्हणाले. सकाळी शेंग फोडणारा तोच हात होता.

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. मेलेली माणसं त्यात मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत मोजली होती. ते पत्र आठवलं की मला वाटतं, आपली माणसं जमाखर्चाच्या भाषेत दुःख सांगू शकतात, तर त्याच भाषेत देणं का सांगू नये? गेलेल्या मोत्यांसाठी रडावंच. फक्त त्याच वहीच्या डाव्या पानावर, अक्षर न बिघडवता, छताची चांदीही लिहावी. ताळेबंद जुळेलच असं नाही. पण वही एक राहील.