वाग्गेयकाराचा कंठ आणि कृतीचे स्वातंत्र्य

रचनाकार जेव्हा स्वतःच आपल्या रचनेचा आविष्कार करतो, तेव्हा त्या आविष्काराला रचनेच्या अर्थनिश्चितीत अंतिम अधिकार असतो काय? रोलाँ बार्थ यांच्या 1967 मधील 'लेखकाच्या मृत्यू'विषयीच्या निबंधानंतर साहित्यविचारात या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर रुळले. संगीतात मात्र ते तितके सोपे नाही; तेथे कर्ता देहाने, श्वासाने आणि कंठाने कृतीत उपस्थित असतो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'मातु' म्हणजे शब्दरचना आणि 'धातु' म्हणजे स्वररचना, या दोहोंच्या कर्त्यास वाग्गेयकार म्हटले. उत्तम वाग्गेयकाराच्या गुणांत त्याने व्याकरण, छंद, रस यांच्या ज्ञानाबरोबर मनोहर कंठाचीही गणना केली आहे. कर्ता आणि प्रयोक्ता यांचे द्वैत या व्यूहात मूलतःच शिथिल आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात लिखित संहितेमुळे हे द्वैत दृढ झाले. तरीही डबल बाससारख्या वाद्याचा इतिहास त्याला छेद देतो. वाद्यवृंदात मागे उभे राहून आधारस्वर पुरवणाऱ्या या वाद्यासाठी एकलवादनाचे वाङ्मय तुटपुंजे होते. म्हणून बोत्तेसिनी (1821-1889) किंवा अलीकडचे स्कोदानिब्बिओ (1956-2012) या वादकांना स्वतःच रचनाकार व्हावे लागले. त्यांच्या रचनांत त्यांच्या बोटांची सवय आणि गजाचा दाब मुरलेला आहे. परंतु संहिता कागदावर उतरताच ती इतरांच्या हाती जाते. शिवाय, बेरिओ यांच्या चेलोसाठीच्या 'सेक्वेन्झा'चे डबल बासकरिता रूप स्कोदानिब्बिओ यांनीच सिद्ध केले. प्रयोक्ता दुसऱ्याच्या संहितेचा सहकर्ता होतो, तो असा.

ख्यालगायनात प्रश्न अधिक बिकट होतो. डॉ. प्रभा अत्रे (1932-2024) यांच्या मारुबिहाग आणि कलावती रागांतील बंदिशी प्रथम त्यांच्याच कंठातून, ध्वनिमुद्रिकेद्वारे, सर्वदूर पोहोचल्या. ध्वनिमुद्रण बंदिशीबरोबर तिचा त्या दिवशीचा विस्तारही गोठवते. जे उपज म्हणून जन्मले, ते श्रोत्याच्या स्मृतीत संहिता होऊन बसते. परिणामी, नंतरचा गायक बंदिशीशी निष्ठा राखण्याऐवजी तिच्या एका आविष्काराशी निष्ठा राखू लागतो. निष्ठेचे हे स्थलांतर केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, नैतिकही आहे. कारण कर्तीने स्वतः जे स्वातंत्र्य उपभोगले, तेच येथे तिच्या नावाने नाकारले जाते.

यावर एक आक्षेप संभवतो. स्वरलिपीत मींड, श्रुती, शब्दाचा लगाव मावत नाही. मग कर्तीचा कंठ वगळून बंदिशीची चाल कळणार कशी? आक्षेप रास्त आहे. मात्र त्यातून सिद्ध होते ते एवढेच की, कर्तीचे गायन ही साक्ष आहे, आज्ञा नव्हे. साक्ष विचारात घ्यावी लागते, तपासावी लागते. आज्ञा केवळ पाळावी लागते. 'स्वरांगिनी', 'स्वररंजनी' यांसारख्या संग्रहांतून आपल्या बंदिशी ग्रंथबद्ध करणे, हा या दृष्टीने आपली कृती परस्वाधीन करण्याचा व्यवहार ठरतो. जे छापून दिले, ते दुसऱ्याने आपल्या श्वासाने गावे, ही अपेक्षा त्यात गृहीतच असते.

मग कर्त्याचे ऋण फेडायचे कसे? परंपरेने नाममुद्रेत त्याचे एक उत्तर ठेवले आहे. जगन्नाथबुवा पुरोहितांच्या बंदिशीतील 'गुणिदास' ही मुद्रा जितेंद्र अभिषेकींसारखा शिष्य गातो, तेव्हा तो कर्तृत्व उच्चारून मान्य करतो. पण आवाज त्याचा स्वतःचाच राहतो. ऋणनिर्देश आणि अनुकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवाचून गायक कृतघ्न ठरतो, दुसरीने तो गायकच उरत नाही.

13 जानेवारी 2024 रोजी डॉ. अत्रे यांचे निधन झाले. आपल्याच बंदिशीला नवे वळण देऊन ध्वनिमुद्रणाची सत्ता मोडू शकणारा कंठ त्यानंतर उरलेला नाही. ती जबाबदारी आता इतर कंठांवर आली आहे.