फेकून दिलेली कुंडी

मार्च 2011. फिलाडेल्फियात कानटोपीशिवाय बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, आणि कन्व्हेन्शन सेंटरच्या छताखाली मात्र पॅरिसचा वसंत भरात होता. त्या वर्षीच्या पुष्पप्रदर्शनाचा विषयच होता ‘स्प्रिंगटाइम इन पॅरिस’. आत शिरताच आयफेल टॉवरच्या कमानी, रोषणाई, फुलांचे ताटवे आणि फोटोसाठी लोटलेली ही गर्दी!

साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या आजी कौतुकाने बघत होत्या, पण थोड्याच वेळात त्यांचे पाय दुखू लागले. मुलगा-सून फोटोंच्या रांगेत उभे राहिले. दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आजी बसायला जागा शोधत भलत्याच दालनात पोचल्या.

तिथे पॅरिस नव्हतं. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर हौशी लोकांनी घरी वाढवलेल्या कुंड्या होत्या, प्रत्येकीपुढे एक कार्ड. माझ्या मते या प्रदर्शनाचा जीव याच दालनात आहे. बाकीचा सगळा थाट आठ दिवसांचा. 6 मार्चला उभा राहिला आणि 13 तारखेच्या रविवारी उतरवायला घेतला.

आजी एका क्लिवियापुढे थबकल्या. रुंद, गर्द हिरवी पानं दोन्ही अंगांनी पंख्यासारखी पसरलेली, धुळीचा कण नाही. मातीवर बारीक खडी अंथरलेली. मधोमध शेंदरी फुलांचा झुबका.

“ही तर आपल्या लिलीची मावसबहीण दिसतेय,” आजी म्हणाल्या.

शेजारी उभे असलेले म्हातारे गृहस्थ हसले. झाड त्यांचंच होतं. नातू दुभाष्या झाला.

“आज्जी, ते म्हणतायत, हे त्यांना कचऱ्यात मिळालं.”

“काय सांगतोस!”

“खरंच. शेजाऱ्यांनी घर बदलताना रस्त्यावर ठेवलं होतं. चारच पानं होती. नंतर तीन वर्षं फूलच आलं नाही.”

“मग ठेवलं कशाला, विचार त्यांना.”

नातवाने विचारलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले. “पानं हिरवी होती,” एवढंच म्हणाला.

कार्डावर तिसऱ्या बक्षिसाची नोंद होती आणि खाली पंचांचा शेरा: फुलांचा दांडा पानांच्या पुरता वर आलेला नाही. म्हाताऱ्याला तो मान्य होता. क्लिवियाला हिवाळ्यात सहा-आठ आठवडे गारठा लागतो, साधारण दहा अंशांचा, आणि पाणी जवळजवळ बंद. तेवढी थंडी मिळाली नाही तर दांडा पानांतच अडकतो. “यंदा मी घाई केली, लवकर आत घेतलं. पुढच्या वर्षी बघू.”

आजी गप्प झाल्या. घरी ओट्याजवळच्या खिडकीत सुपरमार्केटातून आणलेलं ऑर्किड होतं. फुलं गळून गेली म्हणून सुनेने ते दोनदा कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन ठेवलं होतं आणि आजींनी दोनदा परत आणलं होतं. “आई, संपलं हो ते. नवं आणू की,” असं सून म्हणायची. तीही चुकीचं बोलत नव्हती. तिकडे रीतच तशी. लाल पानांचं पॉइन्सेटिया मेक्सिकोहून येऊन अमेरिकेत लोकांपुढे पहिल्यांदा मांडलं गेलं ते याच प्रदर्शनात, 1829 साली. आज ते नाताळात घरोघरी येतं आणि सण सरला की बहुतेक घरांतून कचऱ्यात जातं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची तऱ्हा आणखी निराळी: त्याच्या त्रियानों महालाच्या बागेत फुलझाडं कुंड्यांसकट जमिनीत पुरत, म्हणजे राजाची मर्जी फिरली की वाफ्यांचा रंग झटक्यात पालटता यावा. पण राजाच्या दिमतीला माळ्यांची फौज होती.

तेवढ्यात मुलगा-सून शोधत आले. “अहो आई, इथे काय बसलात? पॅरिस तिकडे आहे!”

“बघितलं गं. आता तू हे बघ. कचऱ्यातलं आहे.”

सुनेने झाड पाहिलं, कार्ड वाचलं, आपल्या मुलाकडून सगळी हकिगत ऐकली. बोलली काहीच नाही. परतीच्या गाडीत मात्र तिने फोनवर ऑर्किडची माहिती शोधली आणि सासूबाईंना वाचून दाखवली.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शनाचा विषय होता हवाई बेटं. आयफेलच्या कमानींचा मागमूसही उरला नव्हता. आजी तेव्हा साताऱ्यात होत्या. ऑर्किडला फूल आलं का, असं त्यांनी फोनवर विचारलं. “नाही अजून,” सून म्हणाली, “पण नवं पान आलंय, आणि डब्यापाशी कोणी नेलेलं नाही.”

तुमच्याही खिडकीत फुलं गळालेलं ऑर्किड असेल, तर आधी पानं आणि मुळं बघा. ती टणक, हिरवी असतील तर पाणी बेताने द्या, ऊन थेट लागू देऊ नका आणि थंडीत काही आठवडे रात्रीच्या गारव्याला ठेवा. दांडा बहुधा त्यानंतरच येतो.