गिरवलेले दृश्य कोणाचे?

चित्रपटातील दृश्य-परिणामांचे, म्हणजे ज्याला हल्ली सर्वत्र ‘व्हीएफएक्स’ म्हणतात त्याचे, शिक्षण घेणाऱ्या मुलांना पुष्कळदा एक काम दिले जाते. गाजलेल्या चित्रपटातील एखादा शॉट निवडायचा आणि तो जसाच्या तसा पुन्हा तयार करायचा. हे ऐकून घरातील वडीलधारी माणसे चक्रावतात. एवढी फी भरून मुलगा दुसऱ्याची नक्कल करणार असेल, तर हे शिक्षण कसले? प्रश्न भाबडा वाटला तरी टाकाऊ नाही. आधीच उत्तम होऊन गेलेली गोष्ट पुन्हा करण्यात पुरुषार्थ कोणता, आणि केल्यावर ती आपली कितपत म्हणायची, हा नीतीचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

एक उदाहरण घेऊ. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटात उंचीची भीती असलेला नायक मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली पाहतो, आणि तळ एकाएकी खोल खोल जाऊ लागतो. कॅमेरा सरकत असताना भिंगाची झूम नेमकी उलट चालवायची, ही त्यामागची युक्ती. चौकट जागच्या जागी राहते, पण आतले अंतर मात्र ताणले जाते. हा शॉट निवडणारा विद्यार्थी प्रथम संगणक उघडतो. परंतु जिन्याची एक पायरी रचण्यापूर्वीच त्याला विचारावे लागते, की मुळात कॅमेरा होता कोठे? मग कळते, की खऱ्या जिन्यावर कॅमेरा उंच टांगण्याची यंत्रणा उभारायला पन्नास हजार डॉलर लागले असते. म्हणून जिन्याची लहान प्रतिकृती बनवून ती जमिनीवर आडवी ठेवली आणि काम एकोणीस हजारांत भागवले. हे खुद्द हिचकॉक यांनीच फ्रान्स्वा त्रुफो यांना मुलाखतीत सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर कॅलिफोर्नियातील ज्या जुन्या ख्रिस्ती मठापाशी ही कथा घडते, तेथे तसा मनोराच त्या वेळी नव्हता. तोही स्टुडिओतल्या करामतीने उभा केलेला.

म्हणजे ज्याची नक्कल करायची ते मूळच नकली! पाहणाऱ्याच्या पोटात उठणारा गोळा तेवढा खरा. तो कोणत्या निर्णयांतून उठला, हे शंभर वेळा चित्रपट पाहूनही कळत नाही. करू लागल्यावर कळते. वस्तुतः विद्यार्थी दृश्य गिरवत नसतो, दृश्य घडवणाऱ्याचा विचार गिरवत असतो. आमच्या सरकारी दप्तरातही जुनी टिपणी समोर ठेवून नवी लिहिण्याची रीत होती. काही जण तारीख आणि नाव बदलून मोकळे होत. काही जण मात्र जुना निर्णय तसाच का झाला हे शोधण्यासाठी मागची संचिका मागवीत. कागदावर दोघांची टिपणी सारखीच दिसे.

अशा कामाचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. स्वतंत्र निर्मितीत चूक लपवता येते. सावली चुकीच्या बाजूला पडली तर ‘मला तसेच हवे होते’ असे म्हणून सुटका होते. गिरवण्यात ही पळवाट नाही. मूळ शेजारी उभे असते आणि ते खोटे बोलू देत नाही. मुलांना आरंभीच ‘काहीतरी स्वतःचे करा’ असे सांगणारे आपले आजचे कौतुक त्यांना या शिस्तीपासून वंचित ठेवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण नकलेने मुळाला इजा होत नाही काय? आपल्याकडे असे एक मोठे विद्यार्थी-काम झाले आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. आणि चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर जे व्हार्निश चढवले गेले, त्याने चित्रांचे नुकसानच केले. संगणकावरील नकलेने मूळ फिल्मवर ओरखडाही उठत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही खाजगी उपयोगासाठी न्याय्य वापराला मोकळीक देतो. येथे इजा होते ती श्रेयाला.

‘व्हर्टिगो’मधील त्या युक्तीचेच पाहा. ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्या छायाचित्रकाराचे नाव इर्मिन रॉबर्ट्स. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते नाही. युक्ती मात्र जगभर हिचकॉक यांच्या नावाने ओळखली जाते. १९७५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘जॉज’मध्ये समुद्रकिनारी बसलेल्या पोलीसप्रमुखाच्या चेहऱ्यावर तीच वापरली. तेथे उंची नाही, जिना नाही. समोर पाण्यात घडणारे भयंकर पाहून मनुष्य जागीच थिजला आहे. याला कोणी चोरी म्हटले नाही, म्हणूही नये. घेतलेले साधन दुसऱ्या अर्थासाठी राबले. याउलट १९९८ मध्ये गस व्हॅन सँट यांनी हिचकॉक यांचाच ‘सायको’ जवळजवळ शॉटबरहुकूम पुन्हा काढला. मूळ कोणाचे हे त्यांनी लपवले नाही, त्यामुळे तीही चोरी नव्हे. पण अभ्यासाची वही ग्रंथ म्हणून छापावी तसे मला ते वाटते.

विद्यार्थ्याची खरी परीक्षा शॉट पुरा झाल्यावर होते. नोकरीसाठी पाठवायच्या चित्रफितीत, ज्याला ते शोरील म्हणतात, तो शॉट जोडला जातो. मूळ कोणाचे, चौघांच्या गटात जिना कोणी रचला, प्रकाश कोणी जुळवला, तयार मिळालेले काय वापरले, हे तेथे लिहायचे की नाही? चार ओळींचा प्रश्न. पण नोकरी अडलेली असताना त्या चार ओळी गाळण्याचा मोह लहान नसतो. ज्याने रॉबर्ट्स यांचे नाव हुडकून काढले, त्याने आपल्या वर्गसोबत्याचे नाव गाळावे काय?

आता तर शब्द टंकताच दृश्य काढून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्याकडून तो जिना क्षणात मिळेल, कदाचित विद्यार्थ्याच्या जिन्याहून देखणाही. मात्र कॅमेरा कोठे ठेवला होता असे विचारले, तर तेथे कॅमेरा नव्हताच. आणि कोणाकोणाच्या चित्रांवर ते यंत्र पोसले गेले, त्यांची नावे पडद्यावर येत नाहीत. पुठ्ठ्याचा जिना आडवा ठेवून त्यावर दिवा धरणाऱ्या मुलाला निदान दिवा कोणी धरला हे ठाऊक असते.