कणगीचा तळ

बालाघाटाच्या डोंगरात, धारूरच्या अंगाला एक गाव होतं. दसरा झाला की तिथल्या बैलगाड्या ऊसतोडीला निघायच्या. निघण्याआधी प्रत्येक गाडीवान आपल्या मुकादमाच्या कणगीत पायलीभर ज्वारी घाली. गाडीखाली कुणी सापडलं, तर त्या घराचं पोट त्या कणगीनं भरायचं, असा नेम होता.

मुकादम तिघे. तिसरा पायलीऐवजी अधोलीच घ्यायचा, म्हणून गाड्या त्याच्याकडेच वळल्या. त्याची कणगी बाहेरून छान सारवलेली, वर चुन्याची बोटं ओढलेली.

त्या साली उतारावर एक गाडी सुटली आणि चाक एका पोराच्या पायावरून गेलं. आई टोपलं घेऊन तिसऱ्या मुकादमाच्या दारी आली. कणगीवर थाप मारली तर ती ढोलासारखी वाजली. हात आत घातला, तर नखांना तळाच्या तुराट्या लागल्या.

गाडीवान म्हणाला, "माझं माप मी घातलं." उरलेले दोघे मुकादम म्हणाले, "कणगी त्याची, आमची ज्वारी का जावी?" आई रिकामं टोपलं मांडीवर घेऊन पारावर बसली.

तिथली म्हातारी म्हणाली, "चाकाखाली जाताना लेकरानं कणगी निवडली व्हती का रं?"

सगळे गप्प झाले. मग तिनंच वाट सांगितली. दर पायलीतलं एक चिपटं देवळामागच्या पेवात टाकायचं. कणगी बुडाली की पेव उघडायचं, आधी जखमीच्या घरी धान्य पोचवायचं आणि मग बुडव्या मुकादमाचे बैल विकून पेव भरून घ्यायचं.

"मग काय, कुणीबी अधोली घेईल आन् बुडंल," एक मुकादम म्हणाला.

"म्हून तर दर अवसेला एकमेकांच्या कणगीत हात घालायचा. पार तळापतुर."

1971 साली इंग्लंडात व्हेइकल अँड जनरल ही स्वस्त हप्त्याची मोटार विमा कंपनी अशीच बुडाली आणि लाखो गाडीमालक उघडे पडले. 1975 साली तिथं विमेदारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. 2021 साली युरोपीय संघानं ठरवलं की विमा कंपनी बुडाली तरी अपघातग्रस्ताला भरपाई मिळालीच पाहिजे. आपल्याकडे बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित असते. बीडमध्ये तर 2020च्या खरिपात पीकविम्याला टेकू लागला: जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपुढची भरपाई सरकारनं सोसायची. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाय गमावलेल्या मजुराला न्यायाधिकरणानं भरपाई मंजूर केली आणि विमा कंपनीच बुडाली, तर त्यानं जायचं कुठं? कर्जात बुडालेल्या ट्रॅक्टरमालकाच्या दारी? त्या मजुरासाठी पेव आजच खणायला हवं, कणग्या भरलेल्या आहेत तोवर.

त्या गावानं पेव खणलं. पहिलं टोपलं त्या आईला मिळालं. त्या ज्वारीला पेवाचा आंबूस वास होता. पोरानं भाकरी हुंगली आणि विचारलं, "आई, ही कुणाची?"

"खा," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.