उपवास आणि अनशापोटीची गोळी

मिरा-भाईंदरमध्ये वर्षभर कुणाचा ना कुणाचा उपवास चालू असतो. पर्युषणात भाईंदरच्या जैन घरांत अठ्ठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचा उपवास, रमजानमध्ये नयानगरात रोजे, उत्तनला ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीचा उपवासकाळ. शिवाय घरोघरी एकादशी आणि नवरात्र. याच घरांत रोज सकाळी अनशापोटी घ्यायची थायरॉईडची गोळीही असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत मुंबईही होती. तीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली आढळली. त्यात स्त्रिया अधिक.

मग व्रताच्या दिवशी या गोळीचं काय करायचं?

बऱ्याच व्रतांत अडचण फक्त वेळेची असते. नवकारशी करणारी व्यक्ती सूर्योदयानंतर ४८ मिनिटं तोंडात काही घालत नाही. त्यानंतर साध्या पाण्याबरोबर गोळी आणि तासाभराने न्याहारी, इतकं केलं की झालं. रोजा असेल तर सेहरीच्या किमान अर्धा तास आधी, किंवा रात्रीच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी गोळी घेता येते. खरा पेच चौविहार उपवासाचा, कारण त्यात दिवसरात्र पाणीही वर्ज्य.

आजारी माणसाचा विचार धर्मांनी फार पूर्वीच केला आहे. कुराण आजाऱ्याला आणि प्रवाशाला राहिलेले रोजे नंतर पुरे करण्याची मुभा देतं. जैन पच्चक्खाणात, म्हणजे व्रताच्या संकल्पात, ‘आगार’ म्हणजे अपवाद आधीच सांगून ठेवलेले असतात. दुखण्याने चित्ताची समाधी ढळत असेल तर औषध घेण्याची सवलत त्यांतच आहे. पण मंद थायरॉईड कळवळायला लावत नाही. झोप सरत नाही, त्वचा कोरडी पडते, वजन वाढतं, आठवण दगा देते. घरचे त्याला आळस म्हणतात. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, कर्मबंधाच्या कारणांत बसवलं आहे, त्यामुळे स्वाध्यायाला बसून पेंगणारी बाई स्वतःलाच दोष देत राहते. हा अन्याय आहे. शरीरात संप्रेरकच कमी असेल तर तो चारित्र्याचा दोष कसा? आणि तप म्हणजे आसक्ती सोडणं असेल, तर थायरॉक्सिनची, म्हणजे गोळीतल्या संप्रेरकाची, आसक्ती कुणाला असते? गोळी सोडण्यात त्याग नाही. जी जागरूकता तपाला हवी, तीच त्याने मंदावते.

रिपोर्टही शांतपणे वाचायला हवा. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचं संप्रेरक. थायरॉईड कमी पडली की ते वाढतं. साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा निरोगी माणसांतल्या शंभरापैकी ९५ जणांच्या आकड्यांवरून ठरते, म्हणून आकडा किंचित वर गेला एवढ्यावरून कुणी रोगी ठरत नाही. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, ठीक असेल तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. लांब उपवासात टी-थ्री हे थायरॉईडचं दुसरं संप्रेरक आपोआप उतरतं, तेव्हा अठ्ठाईच्या पारण्यानंतर लगेच रक्त देऊ नये.

थायरॉक्सिनचा साठा निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात. एक दिवस गोळी चुकली तर घाबरण्याचं कारण नाही. आठ दिवस सोडली तर मात्र गोळीतून मिळालेलं निम्म्याहून अधिक संपलेलं असतं. गर्भवतीने तर एकही दिवस सोडू नये, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

मिठाबद्दलही एक सांगायला हवं. भाईंदरला मिठागरं आहेत, समुद्र दाराशी आहे, तरी समुद्राच्या मिठात आयोडीन नगण्यच. ते वरून मिसळावं लागतं. उपवासाच्या सैंधवातही ते बहुधा नसतं. चार दिवस चालेल, वर्षभर सैंधवच वापरू नये. अर्थात मंदावलेली ग्रंथी आयोडीनच्या मिठाने बरी होते असंही नाही. शहरांत या आजाराचं मुख्य कारण शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं हे आहे.

तेव्हा मोठं व्रत घेण्याआधी डॉक्टरांना व्रताचे नियम सांगा, आणि पच्चक्खाण देणाऱ्या महाराजसाहेबांना किंवा मौलानांना गोळीबद्दल सांगा. दोघांपासून काहीही लपवू नका.