उपवास की आजार?



राखेच्या बुधवारापासून आपल्या घरांत उपवासाची बोलणी सुरू होतात. कोणी शुक्रवारी एकच वेळ जेवतो, कोणी चहा सोडतो, कोणी चाळीस दिवस मांसमच्छी वर्ज्य करतो. हे चांगलेच आहे. पण घरातली एखादी मुलगी रोजच ताटावरून तशीच उठू लागली आणि आपण ‘किती कडक उपवास करते’ म्हणून कौतुक करू लागलो, तर जरा थांबून पाहावे. तो उपवास नसून आजार असू शकतो.

मार्कच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीची हकिगत आहे. ती बारा वर्षांची होती. प्रभूने तिचा हात धरून तिला उठवले, घरचे थक्क झाले, आणि प्रभूने त्यांना तिला काही खायला देण्यास सांगितले. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर आधी जेवणाची आठवण! प्रवचनात आपण हा तपशील सहसा ओलांडून पुढे जातो. खाण्याचे आजारही पुष्कळदा याच सुमारास, मुले वयात येताना सुरू होतात.

हे आजार मुख्यतः तीन प्रकारचे. अ‍ॅनोरेक्सियात खाणे कमी कमी होत जाते, हाडे दिसू लागली तरी आपण जाड आहोत असेच वाटते. बुलिमियात माणूस भराभर पुष्कळ खातो आणि मग ओकून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन ते बाहेर काढतो. वजन बहुधा ठीकच असते, म्हणून कोणाला संशय येत नाही. इंग्लंडच्या राजकुमारी डायना यांनी १९९५ साली दूरदर्शनवरील मुलाखतीत आपल्या या आजाराविषयी सांगितले, तेव्हा जग चकित झाले. तिसऱ्या प्रकारात असेच बेभान खाणे असते, पण ओकणे नसते. मागे उरते ती लाज.

‘हे शहरातल्या पोटभरल्या लोकांचे चोचले, आपल्या धानाच्या मुलखात कुठले?’ असे कोणी म्हणेल. आपल्या भागात कुपोषणाचा प्रश्न खराच आहे. पण मोबाइल देवरी-सालेकशापर्यंत पोचला आहे, आणि बारावीनंतर आपली मुले नागपूरला हॉस्टेलवर राहतात, तिथे त्यांच्या ताटाकडे पाहणारे कोणी नसते. शिवाय भारतातील डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली आहे. आपल्याकडचे अनेक रुग्ण ‘मला जाड व्हायचे नाही’ असे म्हणतच नाहीत. भूक नाही, पोट गच्च वाटते, एवढेच सांगतात. मग सोनोग्राफी होते, टॉनिक येते, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आता संतांकडे वळू या. सिएनाची संत कॅथरिन (१३४७–१३८०) जवळजवळ काहीच खात नसे. खाल्लेले अन्न तिच्या पोटात टिकत नसे. गुरूंनी जेवण्याची आज्ञा केली तरी जमेना. तेहतिसाव्या वर्षी ती मरण पावली. सहा शतकांनंतर तिच्या आजाराला नाव देणे अवघड आहे, इतिहासकारांतही वाद आहे. मात्र आपण तिच्या न खाण्याचे गुणगान करतो, तेव्हा तिने स्वतः पत्रात काय लिहिले ते विसरतो. तिच्या मते ते दुखणे होते, आणि इतरांसारखे जेवता यावे म्हणून ती देवाकडे प्रार्थना करीत असे. तिच्या शंभर वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी संत जेरोमचा आधार घेऊन लिहिले की, फार कमी खाऊन हळूहळू स्वतःला संपवणे आणि एकदम संपवणे यांत फरक नाही. शरीराला लागेल तेवढे अन्न नाकारणे त्यांच्या विवेकाला मान्य नव्हते. चर्चचा कायदाही मर्यादा घालतो: उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, मांसवर्ज्य चौदा पूर्ण झाल्यावर. आजाऱ्याला यातून मोकळीक आहे. बारा वर्षांच्या मुलीने उपाशी राहावे असे चर्चने सांगितलेले नाही.

‘हट्ट आहे, दोन दिवस उपाशी राहिली की येईल ताळ्यावर,’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस तरुणांनी अर्धपोटी राहण्याचे मान्य केले. सद्सद्विवेकामुळे युद्धात शस्त्र हाती घेण्यास त्यांनी नकार दिला होता, आणि युरोपातील उपाशी लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे कळण्यास आपली मदत व्हावी अशी त्यांची इच्छा होती. ही धडधाकट माणसे काही महिन्यांत खिन्न आणि चिडचिडी झाली. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली. उपासमारच मनाला बदलते. म्हणून डाएट म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे मुलीच्या हातात राहत नाही.

कारण एकच सापडत नाही. काही अंशी ते रक्तातून येते. काही मुले मुळातच फार काटेकोर, फार चिंता करणारी असतात. त्यावर ‘जाडी’ ही थट्टा, लग्न जमवतानाची बोलणी, परीक्षेचे ओझे, कधी कोणी केलेला अत्याचार. आईवडिलांनी स्वतःला दोषी धरून काही साधत नाही. थट्टा मात्र आजपासून बंद करता येते, विशेषतः लग्नाच्या पंगतीत मावशी-काकूंनी!

पाहायचे काय? ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ हे रोजचे होते. सगळ्यांसाठी हौसेने स्वयंपाक करते, आपण पंगतीला बसत नाही. जेवण झाल्याबरोबर संडास-बाथरूमकडे जाते आणि नळ मोठा सोडते. गोंदियाच्या एप्रिलमध्येही थंडी वाजते म्हणते. ढगळ कपडे, गळणारे केस, चक्कर, बंद झालेली पाळी. बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण. मुलांनाही हे होते. तिथे ते व्यायामशाळेच्या वेडामागे लपते.

अशा मुलीला बळेच ताटभर भरवू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पुष्कळ अन्न दिल्यास जिवाला धोका होतो. खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावे लागते. वारंवार ओकण्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदय बंद पडू शकते. मनाच्या आजारांत ज्यांनी सर्वाधिक मृत्यू होतात, त्यांत अ‍ॅनोरेक्सिया आहे. लवकर उपचार झाले तर बरे होण्याची आशा मोठी असते. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे, मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. प्रार्थना अवश्य करा, मीही करीन. पण प्रार्थनेसाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका.

या उपवासकाळात ज्यांना असा आजार आहे त्यांनी उपवास करू नये, आणि त्याबद्दल प्रायश्चित्त संस्कारात सांगण्याचेही कारण नाही. घरात अशी शंका असेल त्या आईवडिलांनी शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर मला भेटावे. मी ऑफिसात एकटाच असेन, दार लावून बोलता येईल.

तुमचे फादर